मार्गासनी–टोरांटो, व्हाया दुबई

पोरगं परदेशी गेलं की मागं घरात काय राहतं? त्याची जुनी मोटरसायकल, आईला घेऊन दिलेला मोबाईल आणि किस्से. मोटरसायकल मेव्हणा मागून नेतो. मोबाईल एक दिवस पाण्याच्या बादलीत पडतो. किस्से मात्र कुणी नेत नाही आणि ते बुडतही नाहीत, उलट दर सुट्टीला त्यात भर पडते!

आमच्या भोरच्या एसटी स्टँडवर कॅन्टीनच्या बाजूला एक सिमेंटचं बाकडं आहे. सकाळी आम्ही तिथं जमतो. आम्ही म्हणजे ज्यांची पोरं विमानानं गेली ती मंडळी. मी याच स्टँडवर कंट्रोलर होतो. गाड्या फलाटाला लावायच्या, माइकवरून ओरडायचं, ड्रायव्हर-कंडक्टरांना झापायचं, हे माझं काम. रिटायर झालो तेव्हा माइक काढून घेतला, ओरडणं माझ्याकडंच राहिलं. सगळे अजून मला कंट्रोलरच म्हणतात. बायकोसुद्धा!

दुसरे नाना. तहसील कचेरीत जन्म गेला, त्यामुळं मुलीचा पत्तासुद्धा 'मौजे शिकागो' असा सांगतात. तिसऱ्या जोशीबाई. त्यांनी अख्ख्या भोरला भूगोल शिकवला आणि अख्खं भोर तो विसरलं, याचा त्यांना अजून राग आहे. चौथे बबनराव, मार्गासनीचे. भातशेती, दोन म्हशी आणि एकच लेक, कोमल. ती टोरांटोला. बाजारच्या दिवशी बबनराव भोरला आले की बाकड्यावर टेकतात. चहा पितात, ऐकतात, आणि जाताना एकच वाक्य असं टाकतात की आम्हाला आठवडाभर पुरतं.

* * *

सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. म्हणजे नंतर दुसऱ्यांची सांगायला मी मोकळा.

माझा सचिन जर्मनीला निघाला. घरात पहिलंच विमान! बायको लोणच्याची बरणी कुठल्या बॅगेत घालायची यात गुंतलेली. मी म्हटलं, महत्त्वाचं कुणी बघतंय का? एसटीत जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. ती म्हणजे ऊन कुठल्या बाजूनं येणार. भोरहून पुण्याला सकाळी निघालात तर डावीकडं बसा, स्वारगेटपर्यंत सावलीत जाल. उजवीकडं बसलात तर अर्धं तोंड भाजून उतराल.

मी सचिनला समोर बसवलं. "जर्मनी कुठल्या दिशेला?"

"वायव्येला असेल, बाबा."

"असेल नाही, आहे! मग तू उजवीकडची खिडकी घ्यायची. थंडीचे दिवस आहेत, ऊन दक्षिणेकडून येणार. डावीकडची माणसं भाजून निघतील बघ."

पोरगा गुणी. बापापुढं उलट बोलत नाही. त्यानं उजवीकडची खिडकी घेतली, वर जादा पैसे भरून. मी सगळ्या बाकड्याला सांगितलं, की विमान कंपनीला जे सुचलं नाही ते एसटीच्या माणसाला सुचलं.

सचिन जर्मनीत पोचल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "लागलं का ऊन?"

"नाही बाबा."

"बघ! सांगितलं नव्हतं?"

"बाबा, विमान रात्री दोनचं होतं."

* * *

नानांना लेकीनं शिकागोला बोलावलं. तिकिटाचा कागद घेऊन नाना बाकड्यावर आले आणि चष्मा पुसत बसले. पुन्हा पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, "यात काहीतरी गफलत आहे. जाताना मध्यरात्रीनंतर निघायचं आणि त्याच दिवशी दुपारी पोचायचं. येताना शनिवारी निघायचं आणि थेट सोमवारी उतरायचं! जायला अर्धा दिवस, यायला दोन दिवस. रस्ता एकच ना?"

जोशीबाईंचे डोळे चमकले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी भूगोलाचा प्रश्न विचारला होता! त्यांनी पृथ्वी फिरवली, सूर्य जागेवर ठेवला, इथली घड्याळं पुढं आणि तिथली मागं केली. चहा निवून गेला. नाना मान हलवत होते. बाईंना वाटलं, समजलं.

"आलं लक्षात," नाना म्हणाले. "जाताना उतार, येताना चढ. आपला वरंधा घाट! महाडला उतरताना गाडी भुर्रकन जाते, परत येताना पहिल्या गिअरात कण्हत येते. एवढंच सांगायचं ना बाई, सूर्याला कशाला मध्ये आणलंत?"

बाई उठून गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत.

नाना जाऊन आले. आल्यावर आठवडाभर दिवसा घोरत आणि रात्री टक्क जागे. आम्ही भेटायला गेलो तर भरदुपारी डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेले. मी विचारलं, "काय झालं हो नाना?"

पांघरुणातून आवाज आला, "घाट लागला!"

* * *

आता बबनरावांच्या घरचं. बाकी सगळे किस्से एका पारड्यात टाका आणि हे एक घर दुसऱ्या पारड्यात.

कोमलला दिवस गेले. तिकडं ती आणि जावई दोघंच. बाळंतपणाला आई पाहिजे, तिनं हट्टच धरला. डॉक्टरनं तारीख दिलेली, पण पहिलटकरणीचं काय सांगावं, आठ दिवस अलीकडंही येईल. पारूवहिनींना, म्हणजे कोमलच्या आईला, एकटीनं जायचं होतं, कारण म्हशी बबनरावांशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. आणि पारूवहिनी एकटीनं स्वारगेटच्या पुढं कधी गेलेल्या नव्हत्या. इंग्रजीचं म्हणाल तर 'टेन्शन' आणि 'गॅस' एवढं येतं.

त्यात विमान सरळ जाणारं नाही. मुंबई ते दुबई एक. दुबईला जवळजवळ अख्खा दिवस थांबायचं. मग दुबई ते टोरांटो दुसरं, तब्बल चौदा तासांचं. दुबईला गाडी चुकली तर? बबनरावांच्या डोक्यात हा एकच किडा वळवळत होता. चहा पुढं आला तरी त्यांचं लक्ष नसायचं.

मी त्यांना धीर यावा म्हणून मोबाईलवर विमानाचा रस्ता काढून दाखवला. आणि माझंच टाळकं सटकलं! दुबईहून निघालेली रेघ कॅनडाकडं सरळ जायची सोडून वर वर चाललेली, पार बर्फात.

"हा ड्रायव्हर रूट सोडतोय!" मी ओरडलो. "मला शिकवू नका. वाकडी वाट कोण करतं ते मी जन्मभर बघितलंय. वर कुठंतरी ओळखीचा ढाबा असणार. ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट!"

"कंट्रोलर," जोशीबाई म्हणाल्या, "जरा सुतळी आणा."

मी कॅन्टीनमधून सुतळी आणली. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. गोल वस्तू हवी होती. नानांच्या डोक्यावर एक केस नाही.

"नाना, हलू नका. ही तुमच्या डाव्या कानाच्या बरीच वरची जागा म्हणजे दुबई. उजव्या कानाच्या तेवढीच वरची जागा म्हणजे टोरांटो." बाईंनी सुतळी कपाळावरून आडवी नेली आणि गाठ मारून लांबी धरली. मग टाळूवरून नेली. टाळूवरून सुतळी चांगली चार बोटं उरली! "बघा. नकाशावर वाकडं दिसतं. गोल वस्तूवर वरूनच जवळ."

स्टँडवरची माणसं जमली. एक कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून बघायला आला. मलाही पटलं, पण मी तसं बोललो नाही. बबनराव मात्र पुढं वाकून नानांची टाळू निरखत राहिले. त्यांची बायको तिथून जाणार होती ना!

"बाई, आटपा," नाना डोळे मिटून म्हणाले. "टोरांटोला खाज सुटलीय."

* * *

वहिनींना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. गाडी बदलणं हा माझा विषय.

मी त्यांना भोरला बोलावून स्टँडवर उभं केलं. म्हटलं, "वहिनी, हे दुबई. तुम्ही मुंबईच्या गाडीतून उतरलात. आता टोरांटोची गाडी धरायची. कशी धराल?"

"बोर्ड वाचीन की भावजी."

"चूक! बोर्ड खोटं बोलतो. पुणे लिहिलेली गाडी महाडला गेलेली मी बघितलीय. माणसाला विचारायचं. एकाला नाही, तिघांना. तिघांनी एकच फलाट सांगितला की मगच चढायचं."

जोशीबाई मागून म्हणाल्या, "अहो, दुबईत मराठी कुणाला कळणार आहे?"

"विचारायला काय जातंय?" मी म्हणालो.

हे वहिनींना एकदम पटलं. त्यांचा एसटीवर आणि माणसांवर फार विश्वास. कोमल भोरला हॉस्टेलवर शिकत होती तेव्हा वहिनी रोज सकाळी मार्गासनीला रस्त्यावर उभ्या राहून ड्रायव्हरच्या हातात डबा द्यायच्या. ड्रायव्हर तो भोरला आणायचा, मी माझ्या केबिनच्या खिडकीत ठेवायचो, पोरगी शाळेच्या आधी न्यायची. एक दिवस डबा चुकला नाही. कोमल इंजिनिअर झाली ती त्या डब्यांवर.

शिकवणी संपली. मी परीक्षा घेतली. "समजा वहिनी, दुबईला कुणी तुम्हाला इंग्लिशमध्ये विचारलं, कुठं चाललात, तर काय सांगाल?"

वहिनी जराही न अडखळता म्हणाल्या, "लेकीकडं!"

* * *

जायचा दिवस पंचांगात वाईट निघाला. अमावस्या! तिकीट तर बदलत नाही. मग जुना उपाय, पस्तान. म्हणजे आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू फडक्यात बांधून शेजारी नेऊन ठेवायची. माणूस त्या दिवशीच निघाला असं धरायचं. खरं निघताना ते गाठोडं शेजारून उचलायचं आणि चालू लागायचं.

लोक सुपारी ठेवतात, नारळ ठेवतात, फार तर एखादं लुगडं. पारूवहिनींनी काय ठेवावं? पासपोर्ट!

"असं काय करता वहिनी?" मी कपाळाला हात लावला.

"द्येवाला फसवायचं व्हय, भावजी? सुपारी काय, हितं बी मिळंल आन तितं बी. जे न्हेल्याबिगर जाताच येणार न्हाई, तेच ठेवलं."

मुंबईला निघायची संध्याकाळ. हायवेवरच्या कापूरहोळहून सांगितलेली गाडी दारात उभी. मी सोबत जाणार म्हणून तयार. वहिनी पस्तान आणायला शेजारी हौसाक्काकडं गेल्या, आणि तिच्या दाराला भलंमोठं कुलूप! हौसाक्का सकाळीच बहिणीकडं राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला, भाताच्या झोडणीला गेलेली.

बबनराव ओट्यावर मटकन बसले. मी वहिनींना गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बघतोस काय, घाल गाडी!" गुंजवण्याच्या रस्त्याला गाडी इतकी आदळली की माझं बी.पी. पुढं आणि मी मागं. तिथं खळ्यावर हौसाक्का भाताच्या पेंढ्या आपटत होती. पोटाशी फडकं बांधलेलं. त्या फडक्यात पासपोर्ट!

"अगं, घरी नाही का ठेवायचा?" मी ओरडलो.

"घरी ठिवला आन चोरी झाली म्हंजी?" ती माझ्यावरच उलटली. "लोकाची जोखीम हाय. रातीला बी पोटाशी धरून झोपलीया म्या!" मग आमच्यासोबत गाडीत बसताना वहिनींच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आन बग पारू, तुजं पस्तान गुंजवण्यापतूर जाऊन आलं. तेवडा परवास झालाच की!"

मी नानांना फोन करून हे सांगितलं. नाना गंभीर. "प्रवास झाला हे मान्य. पण दिशा चुकली. टोरांटो राजगडाच्या त्या अंगाला नाही."

मार्गासनीला परत आलो, बॅगा भरल्या. वहिनींनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेल्या, परत येऊन पुन्हा ओढून बघितलं. मगच गाडीत बसल्या.

* * *

मुंबईच्या विमानतळावर जावयानं वहिनींसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. आजारी म्हणून नव्हे. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस सोबत येतो, सगळ्या रांगांतून पुढं नेतो. पुढं दुबईलाही दुसरा खुर्चीवाला घ्यायला येतो आणि थेट टोरांटोच्या विमानात नेऊन बसवतो. जावयानं डोकं चालवलं होतं. आमच्या बबनरावांचा सगळा जीव त्या खुर्चीवर!

खुर्ची आली. वहिनींनी खुर्चीकडं बघितलं. ही बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगराची उतरण उतरते, तेही बोलत बोलत.

"म्या बसू? ह्यात?" वहिनी म्हणाल्या. "लोक म्हणतील, हिला झालंय तरी काय?"

"बसा हो वहिनी! नियम आहे!" मी दडपून सांगितलं.

"बसती," वहिनी म्हणाल्या. मला हायसं वाटलं. दारातून आत गेल्या. आम्ही काचेला नाक लावून बाहेर.

आत जाताच वहिनींनी दोन्ही बॅगा उचलून खुर्चीत ठेवल्या. वर लाडवांची पिशवी ठेवली. आणि पदर खोचून स्वतः खुर्ची ढकलत निघाल्या! खुर्चीवाला बिचारा मागून पळतोय, "आजी! आजी!" वहिनींचा चालायचा वेग डोंगरातला. त्याला काही त्या सापडेनात.

आम्ही दोघं हसून हसून वाकलो. बबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लांबवर वहिनींनी बॅगा उतरवून घेतल्या, खुर्चीवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला खुर्चीसकट परत लावून दिलं.

बबनरावांचं हसू थांबलं. "कंट्रोलर," ते म्हणाले, "तिनं खुर्ची सोडली. आता दुबईला तिला कोण न्हेणार?"

मी त्यांना हाताला धरून गाडीकडं नेलं.

* * *

आता शेवटचं.

दुपार कलल्यावर मार्गासनीला पोचलो. बबनरावांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. कोपरीच्या खिशात घातला. मग माझ्याकडं बघितलं.

किल्ली वहिनींच्या कमरेच्या पिशवीत! आणि वहिनी तेव्हा दुबईत.

"दुसरी किल्ली असेल ना?" मी विचारलं.

"हाय की."

"कुठंय?"

"घरात. खिळ्याला."

झालं! हौसाक्का म्हणाली, "त्यात काय, घाला दगुड." मीही म्हटलं, फोडा. बबनरावांनी ठाम नकार दिला. "ती वाटंत हाय. मानूस वाटंत आसताना आपण घर झाडत न्हाई, आन कुलूप फोडायचं? ती पोचल्याबिगर न्हाई."

"अहो, त्या उद्या संध्याकाळी पोचणार!"

"मग उद्या संध्याकाळी."

मला राग आला, पण माणूस थट्टा करत नव्हता. बाईला एकटीला धाडल्याची बोच त्याला लागली होती, आणि तिच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. हौसाक्कानं पिठलं-भाकरी दिली, म्हशींपुढं तिच्याकडची पेंड टाकली. मीही भोरला गेलो नाही. त्याला तसा टाकून कसा जाऊ? आम्ही हौसाक्काच्या पडवीत पथारी टाकली.

त्यात बबनरावांचा मोबाईल चार्जिंग संपून बंद पडला. चार्जर घरात. माझा चार्जर त्यांच्या डबड्याला बसेना. वहिनींकडं मोबाईल नाही, आणि जावयाचा नंबर त्या बंद मोबाईलमध्ये. जगातली प्रत्येक गरजेची वस्तू त्या कुलपाच्या पलीकडं!

सकाळी उठून बघतो तर बबनराव घोंगडी पांघरून स्वतःच्या उंबऱ्यावर, कुलपाला पाठ लावून बसलेले. मी माझा मोबाईल उघडला. टोरांटोचं विमान दुबईहून पहाटेच निघालं होतं. रेघेवरून सरकत होतं. मी आनंदानं ओरडलो, "हे बघा! निघालं! टायमात निघालं!"

त्यांनी मोबाईल हातात घेतला. त्या इवल्याशा विमानावर बोट ठेवलं.

"ईमान दिसतंय," ते म्हणाले. "ती दिसत न्हाई."

"असणारच हो आत."

"तुमीच सांगता न्हवं बाकड्यावर, स्वारगेटला गाडी सुटती आन मानूस कॅन्टीनला चा पीत ऱ्हातं म्हणून?"

माझंच बोलणं माझ्यावर उलटलं होतं. एवढ्या मोठ्या दुबईत पारूवहिनी कुठल्यातरी खांबाला टेकून बसल्यात आणि विमान निघून गेलंय, असं मला दिसायला लागलं. तिकडं लेक आईच्या वाटेकडं डोळे लावून. आणि मीच त्यांना शिकवून पाठवलेलं, बोर्ड वाचू नका म्हणून!

तेवढ्यात भोर–वेल्हे पहिली गाडी आली. आली आणि स्टॉप सोडून चक्क बबनरावांच्या दारात थांबली. माझी जुनी सवय उसळली. "ए! स्टॉप पुढं आहे! कुणी सांगितलं रे इथं थांबवायला?"

ड्रायव्हरनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. दत्ता. माझ्याच हाताखालचा. "कंट्रोलरसाहेब, तुमी हितं? झापा मागनं. आदी ह्ये घ्या." त्यानं हात खाली केला. हातात एक बायकी रुमाल, चार गाठी मारलेला.

बबनराव उठले. घोंगडी खाली पडली. "ह्यो रुमाल हिचा हाय," ते म्हणाले.

त्यांच्या बोटांना गाठी सुटेनात. शेवटी दातांनी सोडल्या. आत घराची किल्ली!

"कापूरहोळचा पोरगा हाय, दुबईला कामाला आसतो," दत्ता सांगायला लागला. "काल दुबईवरनं मुंबईला उतरला, पहाटं घरी आला. मला म्हणला, मार्गासनीला द्या. तुमाला फोन लावला म्हणं त्यानं, बंद लागतोय. आन वहिनींचा निरोप हाय. मालकांनी कुलूप फोडलं नसंल, दारातच बसलं आसतील. फडताळात त्यांच्या वाटणीचं लाडू ठिवल्यात, म्हणाव."

बबनराव किल्ली मुठीत घट्ट धरून उभे राहिले. गाडीतली सगळी माणसं खिडक्यांतून बघत होती. मी विचारलं, "अरे दत्ता, पण वहिनी विमानात चढल्या का?"

"चढली आसंल की. तिच्या संगं आपल्या कापूरहोळजवळच्या किकवीची पोरगी हाय. ती बी टोरांटोलाच चाललीय. तिनं वहिनीला टोरांटोपतूर सोडत न्हाई म्हणून सांगितलंय."

बबनरावांनी मान वर केली. "किकवीची? तितं कुठनं आली?"

दत्तानं गिअर टाकला. गाडी हलली. तो खिडकीतून मागं वळून ओरडला, "आता काय सांगू मालक! वहिनी म्हणं दुबईच्या इमानतळावर मधोमध उभी ऱ्हायली आन मोठ्यांदा म्हणली, 'कापूरहोळकडचं हाय का रं कोण हितं?'"

"मग?" मी गाडीमागं दोन पावलं पळालो. "मग काय झालं?"

"मग काय! तिगं उठलं!"